रंगाचा फोड दिसतो तेव्हा आत काय झालेलं असतं: जुन्या गाडीचा पत्रा आणि गंज

दरवाज्याच्या खालच्या कडेला रंग थोडासा फुगलाय, नखाने दाबला की कुरकुर वाजतं आणि पापुद्रा निघाला की आतून तपकिरी भुगा सांडतो. बारा-पंधरा वर्षांच्या गाडीवर हे दिसलं की लोक दोनपैकी एक काहीतरी करतात, एकतर जुनी गाडी आहे चालायचंच म्हणून सोडून देतात, नाहीतर टच-अपची बाटली आणून त्यावरून ब्रश फिरवतात. दोन्हीत गंजाला काही फरक पडत नाही. कारण दरवाज्याच्या तळाशी असा फोड येतो तेव्हा गंज बहुतेक वेळा आतल्या बाजूने पत्रा खात खात बाहेर पोचलेला असतो. वाळवी लागलेल्या चौकटीसारखं आहे ते, बाहेरून ऑइलपेंट चकाचक आणि अंगठा दाबला की अंगठा आत.

दगड उडून रंगाचा टवका गेला आणि तिथे लाल ठिपका पडला तर तो गंज बाहेरून आत जाणारा, तो सोपा, त्याचं पुढे बघू. पण मुंबईत, ठाण्यात खाडीकडेला, अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंत जुन्या गाड्या संपतात त्या बहुतेक आतून सुरू झालेल्या गंजाने. इंजिन ठणठणीत, गिअरबॉक्स मस्त आणि खाली फ्लोअरला भोक, अशा मारुती आठशे आणि ओम्नी कोकणात कुठल्याही गावात दाखवता येतील.

आता हे होतं का ते जरा समजून घेऊ, कारण एकदा हे कळलं ना की गॅरेजवाला काय करतोय, बरोबर करतोय की नुसतं झाकतोय, हे तुमचं तुम्हाला कळायला लागतं.

लोखंड निसर्गात असं चकचकीत पत्र्याच्या रूपात बसलेलं नसतं. रेडीच्या नाहीतर गोव्याच्या खाणीतून जे निघतं ते लोखंडाचं ऑक्साइड, म्हणजे लोखंड आणि ऑक्सिजन एकमेकांना धरून बसलेले. भट्टीत जबरदस्त उष्णता देऊन, कोळसा वापरून तो ऑक्सिजन ओढून काढला की लोखंड हाती येतं. मग त्याला परत ऑक्सिजन आणि पाणी मिळालं की ते आपल्या मूळ रूपाकडे निघतं. जांभ्याचा लाल रंग पण लोखंडाच्या ऑक्साइडचाच, म्हणजे मडगार्डात अडकलेला कोकणातला लाल चिखल आणि त्याच्यामागे पत्र्यावर बसलेला गंज हे तसे भाऊबंदच.

पण नुसता ऑक्सिजन असून गंज भराभर लागत नाही, पाणी लागतं, कारण ही सगळी भानगड विजेची आहे. पत्र्यावर पाण्याचा थेंब बसला की एका जागी लोखंडाचे अणू इलेक्ट्रॉन सोडून पाण्यात उतरतात, ते इलेक्ट्रॉन पत्र्यातूनच सरकत दुसऱ्या जागी जातात, तिथे ऑक्सिजन त्यांना घेतो, आणि मग पाण्यात उतरलेलं लोखंड आणि हे दुसरीकडचं रसायन भेटलं की गंज तयार होतो. म्हणजे एकाच थेंबाखाली छोटी बॅटरी चालू असते.

यातली सगळ्यात कामाची गोष्ट पुढे आहे. केंब्रिजचे शास्त्रज्ञ यू. आर. इव्हान्स यांनी १९२० च्या दशकात पोलादावर मिठाच्या पाण्याचा एक थेंब ठेवून एक साधा प्रयोग केला होता, पाण्यात रंग बदलणारी दोन रसायनं घालून. थेंबाच्या कडेला, जिथे हवेतला ऑक्सिजन सहज मिळतो, तिथे गुलाबी रंग आला आणि मधोमध, जिथे ऑक्सिजन कमी पोचतो, तिथे निळा. निळा म्हणजे लोखंड विरघळतंय. थोडक्यात जिथे ओल आहे पण हवा कमी आहे तिथे पत्रा खाल्ला जातो. हे आपल्या समजुतीच्या बरोबर उलटं आहे, आपल्याला वाटतं उघड्यावर पडलेला भाग जास्त गंजणार आणि झाकलेला वाचणार. गाडीत उलटं होतं. चाकाच्या वर थापलेल्या चिखलाखाली, रबरी बीडिंगच्या आत, दोन पत्रे एकमेकांवर ठेवून स्पॉट वेल्ड केलेल्या, म्हणजे ठिपक्या-ठिपक्यांनी जोडलेल्या सांध्यात, फ्लोअरवर अंथरलेल्या लॅमिनेशनच्या थराखाली ओलसर राहिलेल्या फोममध्ये, अशा ठिकाणी ओल असते आणि हवा कमी, म्हणून पत्रा तिथे जातो. आणि म्हणूनच गंजावर काहीतरी थापून झाकणं हा इलाज नाही, बऱ्याचदा तो गंजाला करून दिलेला आडोसा असतो.

यात मीठ पडलं की कहाणी वेग घेते. मिठाच्या पाण्यातून वीज सहज वाहते म्हणून ती बॅटरी जोरात चालते, शिवाय मिठातलं क्लोराइड पत्र्यावर जो काही थोडाफार संरक्षक थर असतो तो टिकू देत नाही. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियमचे क्षार पण असतात आणि त्यांना हवेतली ओल ओढून घ्यायची दांडगी सवय, पावसाळ्यात स्वयंपाकघरातल्या खड्या मिठाच्या बरणीला पाणी सुटतं ते बघितलं असेलच. गाडीच्या पोटाखाली हेच होतं. पाऊस थांबला, रस्ता सुकला, बोनेटवर हात फिरवला तर कोरडं, पण खाली मिठाचा थर बसलाय तिथला पत्रा अजून ओलाच. आणि गंमत म्हणजे वरच्या भागावरचं मीठ पाऊस धुवून तरी नेतो, खालच्या बाजूला पावसाचं स्वच्छ पाणी कधी लागतच नाही, तिथे फक्त रस्त्यावरचं चिखलपाणी उडतं. म्हणून किनाऱ्याजवळ छपराखाली उभी असलेली आणि महिनोन्‌महिने न धुतलेली गाडी सुरक्षित आहे असं समजू नका.

अजून एक गोष्ट, गंज लोखंडापेक्षा जास्त जागा खातो, कमीत कमी दुप्पट, आणि बऱ्याचदा त्याहून कितीतरी जास्त. म्हणून रंगाला फोड येतो आणि म्हणूनच दोन पत्र्यांच्या सांध्यात गंज शिरला की तो सांधा फुगवून स्पॉट वेल्ड तोडतो. अ‍ॅल्युमिनियमला पण ऑक्साइडचा थर येतो पण तो घट्ट चिकटून बसतो आणि खालच्या धातूला वाचवतो. लोखंडाचा गंज सुटा, भुसभुशीत, स्पंजसारखा ओल धरून ठेवणारा, त्यामुळे तो थांबत नाही. गाडीचा बाहेरचा पत्रा असतो साधारण पाऊण मिलिमीटर जाडीचा. म्हणजे खायला आहे तरी किती!

कंपनी यावर काही करतच नाही असं नाही. बॉडी तयार झाली की ती धुवून तिच्यावर फॉस्फेटचा थर चढवतात, मग अख्खी बॉडी प्रायमरच्या टाकीत बुडवून वीज लावून सगळीकडे प्रायमर बसवतात, याला ईडी कोट म्हणतात, मग सरफेसर म्हणजे रंगाआधी पृष्ठभाग सपाट करणारा थर, मग रंग, मग क्लिअर कोट. सगळे थर मिळून मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास. काही गाड्यांत पत्राच जस्ताचा मुलामा दिलेला असतो, जस्त लोखंडाच्या आधी स्वतः झिजतं आणि खालच्या पत्र्याला वाचवतं. पण आपल्याकडच्या जुन्या छोट्या गाड्यांत असा पत्रा कमीच, आणि टाकीत बुडवूनही पोकळ भागांच्या आतल्या कोपऱ्यांत आणि सांध्यांच्या मध्ये प्रायमर नीट पोचतोच असं नाही. सुरुवात तिथून होते.

बरं, हे पोकळ भाग पाणी आत येऊच नये म्हणून बनवलेले नसतात. हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. दरवाज्याच्या काचेला जे रबर असतं त्यातून पावसाचं पाणी दरवाज्याच्या आत उतरतं आणि ते तसंच अपेक्षित आहे, ते खाली जाऊन दरवाज्याच्या तळाच्या भोकांतून बाहेर पडायला पाहिजे. ती भोकं चिखलाने, पानांनी, नाहीतर एखाद्या हौशी पेंटरच्या रंगाने बुजली की दरवाजा म्हणजे टाकी. गाडी वळवली की दरवाज्यात पाणी डुचमळल्याचा आवाज येतोय? मग आज संध्याकाळीच बारीक काडी घेऊन ती भोकं मोकळी करा, बाकी लेख नंतर वाचला तरी चालेल.

अशी भोकं रनिंग बोर्डला असतात, म्हणजे दरवाज्याखालची ती लांब पोकळ पेटी, जिच्या खालच्या कडेला जॅक लावतो. डिकीत स्टेपनीच्या खड्ड्यात असतात, तिथे रबरी बूच असतं. आणि वायपरच्या खाली, काळ्या प्लॅस्टिकच्या जाळीमागे एक पन्हळ असते, तिथे झाडाखाली उभ्या केलेल्या गाडीत गुलमोहराची पानं, आंब्याचा मोहोर, काय काय जाऊन कुजत बसतं आणि त्याचं ओलं खत होतं. ही पन्हळ सडली की पाणी सरळ डॅशबोर्डच्या मागून पायाशी येतं आणि मग लोक म्हणतात पुढच्या काचेचं रबर गेलंय, रबर बदलतात, पैसे जातात, पाणी येतच राहतं.

पायाशी पाणी यायचं दुसरं कारण म्हणजे एसी. एसीतून निघणारं पाणी बाहेर टाकायला एक बारीक नळी असते, ती तुंबली की पाणी आत, बहुतेक गाड्यांत पुढच्या डाव्या सीटच्या पायाशी. वरून मॅट कोरडी, मॅट उचलली तर लॅमिनेशनही कोरडं, पण त्याच्याखालचा फोम पिळला तर वाटीभर पाणी. फ्लोअर सडायचं हे मला वाटतं सगळ्यात मोठं आणि सगळ्यात स्वस्तात टाळता येणारं कारण आहे. नळी साफ करायला पाच मिनिटं लागतात, फ्लोअर बदलायला सीट, कार्पेट, वायरिंग सगळं काढावं लागतं.

तपासायला फार अवजारं लागत नाहीत. टॉर्च, एक बोथट स्क्रूड्रायव्हर आणि फ्रिजवरचा लोहचुंबक. चुंबक पातळ फडक्यात गुंडाळायचा म्हणजे रंगाला ओरखडा नको, आणि चाकाच्या कमानीवरून, दरवाज्याच्या खालच्या भागावरून, रनिंग बोर्डवरून फिरवायचा. जिथे तो अचानक सुटतो तिथे पत्रा नाही, पुट्टी आहे. जुनी गाडी विकत घेताना तर हे कराच, मालक शेजारी उभा राहून कितीही हसला तरी. मग बोटाच्या पेराने टकटक करून बघा, चांगला पत्रा खणखणतो, सडका किंवा पुट्टी भरलेला बद्द वाजतो. आणि गाडी रॅम्पवर घेऊन खालून स्क्रूड्रायव्हरने दाबून बघायचं, ठोकायचं नाही, दाबायचं. टोक आत गेलं तर जे व्हायचं ते आधीच झालेलं होतं, तुम्ही फक्त शोधलं. बॅटरीचा ट्रे विसरू नका, तिथे अ‍ॅसिडच्या वाफेने पत्रा जातो, खायचा सोडा पाण्यात कालवून तिथे ओतला की अ‍ॅसिड मरतं, मग पाण्याने धुवून वाळवायचं.

सापडलेला गंज किती गंभीर आहे हे किती पसरलाय यापेक्षा कुठे आहे यावर ठरतं. मारुती आठशे, ओम्नी, सँट्रो, वॅगन आर अशा गाड्यांना वेगळी चॅसिस नसते, बॉडी हीच चॅसिस. सुमो, बोलेरो यांना खाली शिडीसारखी स्वतंत्र चॅसिस असते, तिथे बॉडीला भोक पडलं तरी भार दुसरीकडे असतो, अर्थात चॅसिसच सडली तर मग अवघड. छोट्या गाड्यांत मात्र फ्लोअर, रनिंग बोर्ड, पिलर म्हणजे छत धरणारे खांब, इंजिनच्या दोन्ही बाजूंचा आतला पत्रा म्हणजे पुढचं अ‍ॅप्रन, हे सगळं मिळून गाडीला ताठ ठेवतं. बोनेटला हाताएवढं भोक पडलं तर फक्त वाईट दिसतं. पण अ‍ॅप्रनच्या वरच्या भागात जिथे शॉकअपचं डोकं बसतं तिथे नाण्याएवढी जागा सडली तर तो जिवाशी खेळ आहे. सीटबेल्टचा बोल्ट जिथे बसतो तिथलंही तेच, अपघातात तुमचं सगळं वजन तो बोल्ट आणि त्याच्याभोवतीचा पत्रा धरणार असतो. ब्रिटनमध्ये गाड्यांची वार्षिक तपासणी असते, एमओटी, त्यात सस्पेन्शन, स्टिअरिंग, सीटबेल्ट अशा माउंटिंगपासून ३० सेंटिमीटरच्या आत भार घेणारा पत्रा खूप सडलेला असेल तर गाडी नापास करतात आणि तिथे पुट्टी किंवा फायबरने केलेली दुरुस्ती चालत नाही. आपल्याकडे कुणी फूटपट्टी घेऊन बघत नाही, पण हा नियम स्वतःसाठी वापरायला काय हरकत आहे? वीतभर आणि वर चार बोटं, एवढ्या अंतरात गंज असेल तर नुसता रंग-पुट्टीचा विचार डोक्यातून काढून टाका.

आता दुरुस्ती. आधी सोपा प्रकार, वरवरचा गंज, जिथे पत्रा अजून जाड आहे आणि फक्त त्वचा लाल झालीय. हे घरी जमतं.

पहिलं, फोडाभोवतीचा रंग जिथपर्यंत घट्ट चिकटलेला लागत नाही तिथपर्यंत काढायचा, गंज रंगाखाली सरकत गेलेला असतो म्हणून दिसतो त्यापेक्षा मोठा भाग उघडावा लागतो, इथे जीव तुटतो पण इलाज नाही. मग वायर ब्रश आणि ८० नंबरचा पॉलिश पेपर, चकचकीत पत्रा दिसेपर्यंत. खड्ड्यांत काळे ठिपके राहतात, ते कितीही घासलं तरी निघत नाहीत, आणि दोन-तीन महिन्यांनी फोड परत येतो तो त्या ठिपक्यांतून. त्यांच्यासाठी रस्ट कन्व्हर्टर. यात बहुधा फॉस्फोरिक अ‍ॅसिड नाहीतर टॅनिक अ‍ॅसिड असतं. फॉस्फोरिकवालं गंजाचं फॉस्फेट करतं, टॅनिकवालं निळसर काळा थर बनवतं, हिरडा आणि हिराकस मिळून पूर्वी काळी शाई करायचे त्यातलंच हे रसायन. पण हे औषध उरलेल्या पातळ, घट्ट गंजावरच चालतं. पापुद्रे सुटलेल्या गंजावर नुसतं ओतलं तर वरचा थर काळा होतो, खालचा गंज जसाच्या तसा, आणि आपण खूश.

कन्व्हर्टरनंतर काय लावायचं ते बाटलीवर आणि प्रायमरच्या डब्यावर दोन्हीकडे वाचा, कारण अ‍ॅसिडचा अंश राहिला तर बरेच एपॉक्सी प्रायमर नीट धरत नाहीत, म्हणून सांगितलं असेल तसं धुवून, पूर्ण वाळवून मगच पुढे. प्रायमर एपॉक्सीच घ्या, दोन डबे मिसळून लावायचा येतो तो. हार्डवेअरच्या दुकानातला रेड ऑक्साइड गेटला, ग्रीलला ठीक आहे, गाडीच्या खालच्या भागात तो फार दिवस पाणी अडवत नाही. साधा सरफेसर तर पाणी पितोच, त्यामुळे "प्रायमर मारून ठेवलाय, रंग पुढच्या महिन्यात" असं करून गाडी पावसात फिरवली की झालं, परत पहिल्यापासून. घासल्यावर उघड्या पत्र्याला हात लावू नका, घामात मीठ असतं, थिनरच्या फडक्याने पुसा आणि त्याच दिवशी प्रायमर द्या.

पुट्टीबद्दल गॅरेजमध्ये भांडणं होतात. पुट्टी वाईट नाही, खड्डा सपाट करायला ती लागतेच, पण ती पाणी अडवत नाही उलट धरून ठेवते, म्हणून आधी एपॉक्सी, मग पुट्टी, मग परत प्रायमर, मग रंग. गंजावर सरळ पुट्टी थापली तर रंगाचं काम दिवाळीला झकास दिसेल आणि पुढच्या पावसाळ्यात तिथे पुरीसारखा फुगा. आणि सांधे बुजवायला बाथरूमचं सिलिकॉन कधी वापरू नका, तो व्हिनेगरसारखा वास येतो ना तो अ‍ॅसेटिक अ‍ॅसिडचा, लोखंडाला ते मानवत नाही, वर सिलिकॉनवर रंग बसत नाही. सीम सीलर म्हणून गाड्यांसाठी वेगळं मिळतं.

भोक पडलं असेल तर घरचं काम संपलं, डेंटरकडे, म्हणजे गाडीच्या पत्र्याचं काम करणाऱ्याकडे जायचं. तिथे संवाद साधारण असा होतो:

"दादा, हे रनिंग बोर्ड गेलंय, काय करता येईल?"

"काका, काही टेन्शन नाही, वरून पत्रा मारून देतो, फायबर लावून पुट्टी मारली की कळणार पण नाही."

"आतलं सडलेलं कापणार का?"

"कापायला गेलं तर काम वाढतं ना काका."

हे काम वाढतं तेच करून घ्यायचं असतं. सडका पत्रा चांगला धातू लागेपर्यंत कापायचा, तेवढ्याच मापाचा नवा तुकडा बनवायचा, नाहीतर तयार रनिंग बोर्ड मिळतं ते आणायचं, आणि जोडायचं. जुन्यावर नवा पत्रा रिव्हेट मारून बसवला तर दोन पत्र्यांच्या मध्ये नेमकी ती ओली, बिनहवेची फट तयार होते जिच्याबद्दल वर बोललो, आणि आता ती नव्या पत्र्यालाही खाते. वेल्डिंग सीओटूने, म्हणजे कार्बन डायऑक्साइडच्या आडोशात तारेने करणारा बघा. गॅस वेल्डिंगमध्ये उष्णता फार लांब पसरते, पातळ पत्रा वाकडा होतो आणि आजूबाजूचा चांगला रंगही आतून जळतो. कुठल्याही वेल्डिंगने मागच्या बाजूचं थोडं तरी जळतंच. पॅच मारलेली जागा वर्ष-दोन वर्षांत परत का सडते, त्याचं मुख्य कारण हेच, पुढून पाच थर रंगाचे आणि मागून जळका उघडा पत्रा. त्या मागच्या बाजूला काय लावणार हा प्रश्न डेंटरला काम सुरू व्हायच्या आधी विचारा. गोंधळला तर दुसरा डेंटर बघा, खरंच.

वेल्डिंगच्या आधी बॅटरीची वायर काढायला सांगा, आतलं कार्पेट आणि फोम उचलायला लावा, आणि पेट्रोलची लाइन कुठून जाते ते दोघांनी मिळून बघा कारण ती आणि ब्रेकचे पाइप बऱ्याच गाड्यांत फ्लोअरखालूनच जातात. सीएनजीची गाडी असेल तर आधी सीएनजीचं काम करणाऱ्याला दाखवा.

पोकळ भागांसाठी औषध म्हणजे मेणासारखं, पातळ, कॅव्हिटी वॅक्स म्हणून मिळतं, काही लॅनोलिनचे असतात, म्हणजे मेंढीच्या लोकरीतला चिकट पदार्थ. लांब नळीला चारी बाजूंनी फवारणारा नोझल असतो, ती नळी भोकांतून आत सरकवून फवारत फवारत बाहेर ओढायची. ते फटीत शिरतं, सुकून कडक होत नाही, खरवडलं तरी परत पसरतं. फक्त आतलं सगळं कोरडं पाहिजे, म्हणून एप्रिल-मेच्या उन्हात गाडी चांगली तापल्यावर करायचं आणि झाल्यावर पाणी जायची भोकं परत मोकळी आहेत ना बघायचं. जुन्या गाडीवर खर्च करायचा असेल तर मी पहिले पैसे इथे घालीन, वरच्या चमकणाऱ्या कोटिंगवर नाही. टेफ्लॉन, सिरॅमिक ही सगळी बाहेरच्या रंगाची निगा आहे, आतून येणाऱ्या गंजाला त्याचा पत्ताही लागत नाही.

शोरूममध्ये गळ्यात मारतात ते काळं, रबरासारखं अंडरबॉडी कोटिंग नव्या गाडीवर, स्वच्छ पत्र्यावर ठीक. जुन्या गाडीत गंजावर ते मारलं तर वर काळंकुळीत नवंकोरं आणि त्याच्या फटीतून आत गेलेलं पाणी आतच. दाबून बघितल्याशिवाय, घासून प्रायमर दिल्याशिवाय ते मारून घेऊ नका. आणि आपल्याकडची जुनी पद्धत, इंजिनचं जळकं ऑइल खाली मारणं, त्याने पाणी थोडं अडतं हे खरं, पण सस्पेन्शनचे रबरी बुश ते ऑइल पिऊन फुगतात, धूळ चिकटते, आणि पहिल्या पावसात ते ऑइल अंगणात आणि विहिरीच्या दिशेने. नको. बॅटरीला जोडायचं एक इलेक्ट्रॉनिक गंजरोधक यंत्र पण विकतात. जहाजाचं पोट पाण्यात बुडालेलं असतं, पाइपलाइन ओल्या मातीत, तिथे विजेने गंज रोखता येतो कारण भोवती सगळीकडे वीज वाहून नेणारं काहीतरी आहे. रस्त्यावरच्या गाडीभोवती हवा आहे. पैसे वाचवा.

रोजच्या वापरात दोन-तीन गोष्टी फार मोठा फरक पाडतात. वाळूत गाडी घालू नका, नागावला काय नि मुरुडला काय, रील चांगलं येतं पण खारं पाणी कुठे कुठे शिरतं ते दिसत नाही. दाभोळ-धोपावेसारख्या फेरीबोटीतून वरचेवर जाणं असेल, किंवा बंदरावरून मासळी आणत असाल, तर गोड्या पाण्याने खालून धुणं हा नियमच करा. मासळीच्या बर्फाचं पाणी डिकीत सांडलं तर ते खारं असतं, मॅट काढून त्याच दिवशी धुवायचं, वास जाईल म्हणून नाही, पत्रा जाईल म्हणून. चाकांच्या कमानीत आतून हात घालून चिखलाचा गोळा काढायचा, नुसता पाइप मारून तो फक्त भिजतो. ओल्या गाडीवर प्लॅस्टिकचं कव्हर घालायचं नाही, आत घाम धरतो, उघडी उभी केलेली बरी.

खर्चाचं बोलायचं तर विम्याकडे बघू नका, अपघाताने नव्हे तर झिजून, गंजून झालेलं नुकसान नेहमीच्या पॉलिसीत बसत नाही. १५ वर्षं झाली की खाजगी गाडीचं आरसी ५-५ वर्षांसाठी रिन्यू करावं लागतं, आरटीओत गाडी दाखवावी लागते, त्यामुळे हिशोब त्या ५ वर्षांचा करायचा. फक्त दरवाजे आणि कमानी गेल्या असतील तर करून घ्या, जुन्या मारुतीचे दरवाजे भंगार बाजारात चांगले मिळतात आणि वेल्डिंगपेक्षा स्वस्त पडतात. एका बाजूचं रनिंग बोर्ड आणि थोडं फ्लोअर असेल तर चांगला डेंटर असेल तरच. पण दोन्ही रनिंग बोर्ड, अ‍ॅप्रन आणि मागच्या सस्पेन्शनचं माउंटिंग, सगळंच स्क्रूड्रायव्हर घेत असेल तर इंजिन कितीही गोड चालो, ती गाडी आता मुलांना बसवून घाटातून न्यायची नाही. अशा वेळी सरकारमान्य स्क्रॅप केंद्रात देऊन सर्टिफिकेट घ्या आणि आरसी रद्द झालं की नाही ते बघा, कोपऱ्यावरच्या भंगारवाल्याला दिली आणि नंबर तुमच्याच नावावर राहिला तर पुढच्या भानगडी तुमच्या.

आणि काम करायचं ठरवलं तर नोव्हेंबर ते एप्रिलमध्ये उरका. पावसाळ्यात दमट हवेत मारलेल्या रंगाला पांढरट झाक येते आणि सांध्यातली ओल काही केल्या सुकत नाही, आणि गणपतीच्या आधी तर कोकणात जायच्या गाड्यांनी गॅरेजं इतकी भरलेली असतात की डेंटर घाईघाईत तेच करणार, वरून पत्रा आणि पुट्टी.